तुम्ही नक्की इथेच राहता ना?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी रात्री जागून मोबाईलवर शोधत बसायचे, की नातेवाइकांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला शाळेने नाकारलं तर काय करायचं. मराठीत काहीच सापडलं नाही. इंग्रजीत जे सापडलं ते वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं होतं. म्हणून आमचं जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे नियम या राज्याचे आहेत. दुसऱ्या राज्यात ते वेगळे असू शकतात.

आधीची चार वर्षं आम्ही हडसन काउंटीतल्या एका शहरात भाड्याने राहत होतो. नवऱ्याचं ऑफिस मॅनहॅटनला, ट्रेन घरापासून सात मिनिटांवर. लेक तिथल्याच सरकारी शाळेत दुसरीपासून पाचवीपर्यंत शिकली. इमारत शंभर वर्षांहून जुनी. वर्गात एकोणतीस मुलं. नळाचं पाणी पिऊ नका अशी पाटी, म्हणून व्हरांड्यात पाण्याचे मोठे जार. लायब्ररीची खोली होती, पण लायब्ररियन नसल्याने ती बहुतेक वेळ बंदच असायची. व्यायामशाळेतच दुपारी टेबलं मांडून जेवण व्हायचं. आणि त्याच शाळेत लेकीच्या बाई स्वतःच्या पैशाने पेन्सिली आणि मोजे आणून कपाटात ठेवत. मोजे यासाठी, की काही मुलं जानेवारीतही मोज्यांशिवाय बूट घालून यायची. त्या बाईंना मी एकदाही वैतागलेलं पाहिलं नाही.

धाकट्याला तिथे प्रीस्कूल मोफत मिळालं होतं. तीन वर्षांचा झाल्यावर फॉर्म भरायला गेले तेव्हा 'अ‍ॅबट' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं, एक प्रशिक्षित शिक्षिका, एक मदतनीस, सहा तासांची शाळा आणि फी शून्य. मला वाटलं अ‍ॅबट हे योजनेचं नाव असेल. फॉर्म घेणाऱ्या आजी निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी सांगितलं की ते एका मुलाचं आडनाव आहे. १९८१ साली कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटी या चार गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने राज्यावर दावा लावला गेला. यादीत पहिलं नाव कॅम्डेनच्या रेमंड अ‍ॅबटचं होतं, म्हणून खटला अ‍ॅबट विरुद्ध बर्क (बर्क हे तेव्हाचे राज्याचे शिक्षण आयुक्त). इथल्या शाळा मुख्यतः घरपट्टीवर चालतात. ज्या गावात घरं महाग, तिथे कमी दराने पट्टी लावूनही शाळेकडे भरपूर पैसा येतो. गरीब शहरात दर वाढवून वाढवूनही पुरत नाही. राज्यघटनेत मात्र १८७५ पासून लिहिलेलं आहे की राज्याने सर्व मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम अशी मोफत शाळाव्यवस्था चालवावी. त्याच वाक्यावर बोट ठेवून १९९० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब शहरांतल्या शाळांचा नेहमीचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणा. अशा डिस्ट्रिक्टची (डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) संख्या पुढे ३१ झाली. मोफत प्रीस्कूल १९९८ च्या निकालातून आलं.

हे ऐकून मी आजींना विचारलं, मग आता पैसा सारखा असेल तर ही इमारत अशी का? त्या म्हणाल्या, "सत्तर वर्षांची तूट एका निकालाने भरत नाही." आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं घरी इंग्रजी न बोलणारी होती. कितीतरी मुलांचं दिवसातलं पहिलं खाणं शाळेतला नाश्ता असायचं. सारखाच पैसा तिथे कितीतरी जास्त ठिकाणी लागतो. आणि नदीकाठी जे चकचकीत टॉवर उभे राहतात, त्यांच्यातल्या कित्येकांना नेहमीच्या घरपट्टीऐवजी ठरावीक रकमेचा करार करून मिळतो. त्या रकमेतले ९५ टक्के शहराला आणि ५ टक्के काउंटीला जातात. शाळांच्या वाट्याला कायद्याने काहीच येत नाही. रोज सकाळी मी लेकीला घेऊन त्या टॉवरांच्या सावलीतूनच शाळेत जायचे.

२०२३ च्या मार्चमध्ये घरमालकाने भाडं २,३५० वरून २,८०० डॉलर केलं. त्याच महिन्यात नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं. नवं मिळालं, पण कमी पगाराचं आणि न्यू जर्सीतच, दक्षिणेकडे. माझा मावसभाऊ मिडलसेक्स काउंटीतल्या एका उपनगरात राहतो. दादा आणि वहिनी म्हणाले, खालच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, या. महिन्याला घरखर्चाचे बाराशे द्यायचे ठरलं. भाडेकरार कोण करणार? मावशीच्या घरी मी लहानपणी मे महिना महिना राहायचे, तेव्हा कुणी कागद केला होता का?

पण कागद करायला हवा होता. तुम्ही कुणाच्याही घरात राहायला जात असाल, सख्ख्या आईच्या घरात का असेना, राहायला जाण्याच्या पहिल्याच आठवड्यात एक पानाचा लेखी करार करून दोघांनी सही करा, तारीख घाला.

१ जुलैला सामान हलवलं. १० जुलैला नव्या डिस्ट्रिक्टची ऑनलाइन नोंदणी उघडून बसले. जन्मदाखला कराड नगरपालिकेचा, मराठी-इंग्रजी दोन्हीत होता, तो चालला. जुन्या शाळेतून ट्रान्सफर कार्ड आणि लसीकरणाची नोंद बाईंनी दोन दिवसांत काढून दिली. लेक सहावीत जाणार होती, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: सहावीत जाताना इथे टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस) आणि मेनिंजायटिसची लस लागते. ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या वेळा मिळत नाहीत. जूनमध्येच घ्या.

अडकलं ते पत्त्यावर, कारण इथे सरकारी शाळा हद्दीत राहणाऱ्या मुलांसाठीच मोफत असते. 'रहिवासाचे चार पुरावे' असा रकाना होता. खरेदीखत किंवा भाडेकरार, विजेचं बिल, गॅसचं बिल, बँकेचं स्टेटमेंट. वीज, गॅस, पाणी सगळं दादाच्या नावावर. आमच्याकडे फक्त बँकेचं स्टेटमेंट आणि फोनचं बिल. ऑफिसातल्या बाईंनी दुसरा मार्ग सांगितला: घरमालकाचं म्हणजे दादाचं शपथपत्र, आमचं शपथपत्र, आणि दादाच्या घरपट्टीची प्रत. बँकेत खातं असेल तर नोटरी बहुतेक ठिकाणी फुकट करून देतात. बाहेर केली तर एका सहीचे अडीच डॉलर.

दादाची घरपट्टी मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतली. वर्षाची तेरा हजारांच्या वर. राज्याची सरासरीच २०२३ मध्ये साडेनऊ हजारांच्या पुढे होती. त्या बिलात गाव, काउंटी, ग्रंथालय, शाळा असे वेगवेगळे आकडे असतात आणि शाळेचा आकडा एकटा निम्म्याहून मोठा होता. तो पाहिल्यावर मला या गावाची भीती थोडी समजली. लोक इथे घर घेतानाच शाळा विकत घेतल्यासारखं मानतात. मग हद्दीबाहेरचं कुणी आत आलं तर आपल्या ताटातलं नेलं असं त्यांना वाटतं. समजली, पण पटली नाही. ज्या मुलाचे आईवडील तेरा हजार भरू शकत नाहीत, त्याने कोणता गुन्हा केला?

माझ्या बहिणीने पुण्यात आरटीईचा फॉर्म भरताना नकाशावरचा घराचा फुगा शाळेपासून एक किलोमीटरच्या आत येतोय का, हे श्वास रोखून पाहिलं होतं. तिचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, इथेही तेच गं, फक्त फुगा नाही, हद्दीची रेघ आहे.

ऑगस्टभर 'पडताळणी प्रलंबित' एवढंच दिसत राहिलं. २९ ऑगस्टला प्रवेश मिळाल्याचा ईमेल आला, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: रहिवासाची पुढील तपासणी होऊ शकते. आनंदात मी ती ओळ वाचली आणि विसरले.

६ सप्टेंबरला शाळा सुरू झाली. लेक घरी आली ती डोळे मोठे करून. दोन व्यायामशाळा, वाद्यवृंदाची वेगळी खोली, प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाला सिंक. दुसऱ्या आठवड्यात गणिताची चाचणी झाली, कोणत्या गटात बसवायचं हे ठरवायला. जुन्या शाळेत ती गणितात वर्गात पहिली होती. इथे गुणोत्तर, ऋण संख्या, समीकरणं असं विचारलं, जे तिच्या वर्गात अजून आलंच नव्हतं. वर्गातली बरीच मुलं उन्हाळ्यात क्लासला जाऊन हे करून आलेली. ती सर्वात खालच्या गटात गेली. रात्री मला म्हणाली, "आई, मी हुशार होते ना?" मी तिला कुशीत घेतलं. उत्तर देताना माझा आवाज नीट निघाला नाही. ती तेवढीच हुशार होती. पंचवीस मैलांनी तिच्या डोक्यात काही बदललं नव्हतं.

धाकट्याचं वेगळंच झालं. नव्या गावात मोफत प्रीस्कूल नव्हतं. राज्य हळूहळू आणखी डिस्ट्रिक्टना त्यासाठी पैसे देतं आहे, पण आमच्या गावापर्यंत ते आलेलं नव्हतं. खासगी डे-केअरचे महिन्याला तेराशे. भाड्यात वाचवलेले पैसे जवळपास तिथेच गेले. श्रीमंत गावात जायचा विचार करणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा, आम्ही केला नव्हता.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी सहा चाळीसला दार वाजलं. बाहेर गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस. म्हणाला, डिस्ट्रिक्टकडून आलोय, मुलगी इथे राहते का पाहायचंय. मी गाऊनमध्ये, एका हातात पोळीचं पीठ. त्याने आवाज न चढवता विचारलं, पण विचारलं ते असं: तुम्ही नक्की इथेच राहता ना? तिचा पलंग पाहिला, कपाटातले कपडे, मोरीतले टूथब्रश मोजले. लेक पांघरुणात बसून पाहत होती. बाहेर जाताना त्याने आमच्या गाडीकडे पाहून काहीतरी लिहून घेतलं. पुढे कळलं की गाडीची नोंदणी आणि नवऱ्याचा परवाना दोन्ही जुन्याच पत्त्यावर होते. न्यू जर्सीत पत्ता बदलल्यावर आठवडाभरात मोटर व्हेइकल कमिशनला कळवायचं असतं. पत्ता बदलायला पैसे पडत नाहीत, नवं कार्ड हवं असेल तर अकरा डॉलर. हे आमच्याकडून राहिलं होतं आणि ते महागात पडलं.

(तपासनीस आला तर त्याला घरात घेतलंच पाहिजे असं नाही, दारात बोलू शकता. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी आत घेतलं असतं, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं. पण पोरीला आधी उठवून तयार केलं असतं.)

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी नोंदणीकृत टपालाने पत्र. तुमची मुलगी या डिस्ट्रिक्टमध्ये मोफत शिक्षणास अपात्र असल्याचं दिसतं. शाळा मंडळासमोर सुनावणी १२ डिसेंबरला. अपात्र ठरल्यास एका मुलामागच्या वर्षाच्या खर्चाच्या एकशे ऐंशीव्या भागाने प्रत्येक दिवसाची फी आकारली जाईल. दिवसाला १०३ डॉलर. तोपर्यंतचे ४४ दिवस. ४,५३२ डॉलर. पणत्या अजून ओट्यावर तशाच होत्या. नवरा म्हणाला, परत जाऊ या का शहरात? मी काहीच बोलले नाही.

१५ तारखेला भाऊबीज. दादाला ओवाळलं, त्याने ताटात पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "उद्या सुट्टी टाकलीय. परत शपथपत्र करू, वहिनीचंही करू. आणि सुनावणीला आम्ही दोघं येणार." मला रडू आलं. त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच नीट झोप लागली.

मग मी नियम वाचायला बसले. राज्याच्या प्रशासकीय संहितेत ६ए:२२ नावाचं प्रकरण आहे, शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मिळतं. वकील करायच्या आधी ते वाचा. त्यातल्या तीन गोष्टींनी मला बळ दिलं. एक, डिस्ट्रिक्टने सगळे पुरावे एकत्र विचारात घ्यायचे असतात, अमुकच एक कागद नाही म्हणून मूल नाकारता येत नाही. दोन, इन्कम टॅक्सचे कागद, सोशल सिक्युरिटी नंबर, व्हिसाचे कागद किंवा भाडेकराराच्या अटी हे सगळं मागून त्यावर प्रवेश अडवता येत नाही. मी माझ्या एच-४ व्हिसाची (नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो) प्रत द्यायला निघाले होते, ती परत ठेवली. (कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलंय.) तीन, मंडळाने विरुद्ध निकाल दिला तरी शिक्षण आयुक्तांकडे अपील करायला २१ दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात मुलाला वर्गातून काढता येत नाही. अपील केलं तर ते चालू असेपर्यंतही नाही. मात्र पुरावा द्यायची जबाबदारी पालकांवरच असते, आणि अपील हरलात तर मधल्या दिवसांची फीही लागू शकते. हे माहीत असूनच पाऊल टाका.

माझी फाईल अशी झाली: टपाल खात्याकडे पत्ता बदलल्याची पावती, जुलैपासूनची बँक स्टेटमेंट्स, दादाला दर महिन्याला पाठवलेल्या बाराशेंच्या नोंदी (रोख दिले नाहीत, हे आमचं नशीब), डॉक्टरांचं पत्र, गावच्या लायब्ररीचं कार्ड, धाकट्याच्या डे-केअरची पावती, जुन्या घरमालकाने अनामत परत केल्याचं पत्र. हे शेवटचं पत्र सर्वात उपयोगी पडलं. आपण इथे राहतो हे दाखवण्याइतकंच तिथे आता राहत नाही हे दाखवणं गरजेचं असतं. झेरॉक्स आणि नोटरी मिळून अठ्ठावीस डॉलर गेले. नवऱ्याचा एक दिवसाचा पगार गेला तो वेगळा, कारण तो कंत्राटी आहे.

१२ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता सुनावणी. बाहेरच्या बाकावर आणखी एक बाई होत्या, शेजारी तिसरीतला मुलगा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मुलगा स्पॅनिशमधून इंग्रजी करून सांगत होता. त्या बहिणीकडे राहत होत्या. बहीण भाड्याने राहणारी, तिचा घरमालक सही द्यायला तयार नव्हता. फीचा आकडा वाचून त्यांनी मुलाला शाळेतून काढण्याच्या कागदावर आधीच सही केली होती, आणि आज त्या फक्त पैसे माफ करा असं सांगायला आल्या होत्या. आठ वर्षांचा मुलगा आपल्याच शाळेतून काढण्याचं वाक्य आईसाठी भाषांतर करून मला सांगत होता. मी त्यांना माझ्या फाईलमधलं नियमाचं पान दाखवलं, फोन नंबर दिला. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. त्यांचा फोन आला नाही. मी दादाच्या घरात होते, ज्याच्या नावावर घर आहे आणि जो सुट्टी टाकू शकतो. त्यांच्यात आणि माझ्यात फरक तेवढाच होता.

आत पंचवीस मिनिटं लागली. दार बंद असतं, लोक नसतात. मंडळाचे सदस्य, त्यांचा वकील, आणि तो तपासनीस. गाडीच्या नोंदणीवरच सर्वात जास्त प्रश्न. नवऱ्याने चूक मान्य केली आणि नोव्हेंबरमध्ये बदललेली नोंदणी दाखवली. वहिनी बोलल्या, "त्या मुलीचा डबा रोज सकाळी माझ्या ओट्यावर भरला जातो." तेव्हा एक सदस्य बाई पहिल्यांदा हसल्या. सुनावणीत लांब बोलू नका. विचारलं तेवढं, कागद हातात धरून सांगा. दुभाषा हवा असेल तर आधीच लेखी मागा.

२१ डिसेंबरला निकालाचं पत्र आलं. पात्र. फी नाही. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तो माणूस परत येणार नाही ना सकाळी?"

मार्चमध्ये ती गणितात एक गट वर गेली. दर शनिवारी जुन्या शाळेतल्या मैत्रिणीशी तिचा व्हिडिओ कॉल असतो. ती इथल्या वहीची पानं फोटो काढून तिला पाठवते आणि दोघी मिळून गुणोत्तराची गणितं सोडवतात. मैत्रिणीला ती पटकन येतात, बऱ्याचदा आमच्या लेकीच्या आधी.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये शपथपत्रावर प्रवेश घेतलेल्यांना दर वर्षी नव्याने सगळं द्यावं लागतं. यंदासाठी बँकेत नोटरीची शनिवारची दहाची वेळ घेतली आहे. दादाने घरपट्टीचं नवं बिल फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय.